रमणिकभाईंची डावी सीट

गतिरोधक दिसला की रमणिकभाई गाडी थांबवून रस्त्यावर पालथे पडत. सरावलीहून आशागडला जाताना हे पहिल्यांदा पाहणाऱ्या जीपवाल्याने आधी आजूबाजूला देऊळ शोधलं, मग नुसतेच हात जोडले. रमणिकभाई फक्त गाडीचं पोट घासेल का, ते बघत असत.

आमचे हे शेजारी दागिन्यांचे साचे कोरत. एकटे राहत. साच्यात केसभर चूक त्यांना खपत नसे, आणि तीच शिस्त त्यांनी चिकूखाली उभ्या केलेल्या लाल, शर्यतीच्या जातीच्या गाडीला लावलेली. आखूड, कडक स्प्रिंगा घालून तिला जमिनीला टेकवलं होतं. स्वतःची सोडून बाकी सगळ्या सीटा उपटून टाकल्या होत्या. "वजन कमी, स्पीड जास्ती, बेन!" आणि एवढं करून चालवायचे तीसने. आमच्या गल्लीतल्या सायकली त्यांना मागे टाकत.

२०१६ साली माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, धक्का बसता कामा नये. म्हणजे रिक्षा बंद, एसटी बंद. आणि तिकडे तलासरीला माझी थोरली बहीण, माई, अंथरुणाला खिळलेली. मी ओट्यावर बसून रडत होते ते भाईंनी कुंपणावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर चढली.

आठ दिवस ठोकाठोक. कडक स्प्रिंगा उतरल्या, मऊ आणि उंच आल्या. डाव्या बाजूला नवी सीट बसली, तिला कमरेपाशी हाताने शिवलेली उशी. मग भाई कुंपणाशी आले.

"बेन, तुमचा वजन किती?"

तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची अल्लड होते. लग्नात पन्नास किलो भरले होते. त्यानंतर काट्यावर चढलेच नाही, म्हणजे माझ्या हिशेबाने पन्नासच.

"पन्नास," मी मान ताठ करून म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या सीटवर आपल्या वजनाइतक्या विटा रचल्या, डाव्या सीटवर पन्नास किलोचं तांदळाचं पोतं ठेवलं, पातळी दाखवणारी पाणसळ लावली आणि गाडी केसभरही फरक न ठेवता सरळ बसवली. मग पोतं काढून मला बसवलं. गाडी डावीकडे कलली. भाईंनी पाणसळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बेन, तांदूळ खोटा का तुम्ही?"

"तांदूळ जुना आहे. सुकून हलका झाला असेल."

ते पाना हातात घेऊन उभेच.

"अडुसष्ट," मी चिकूच्या फांदीकडे बघत कबूल केलं. "जेवणानंतर."

न हसता त्यांनी डावी बाजू पुन्हा पहिल्यापासून उघडली.

पहिल्या गुरुवारी आम्ही निघालो: आशागड, चारोटी, मग तलासरीचा हायवे. त्या दिवशी भाई एकाही गतिरोधकाला उतरले नाहीत आणि माझं पाठीचं हाड एकदाही कुरकुरलं नाही. माईने माझा हात दोन तास सोडला नाही. पुढे दीड वर्ष दर गुरुवारी आम्ही गेलो. देवाचे आभार मानायला बसले की अजूनही आधी ते लाल धूडच डोळ्यांपुढे येतं.

मग माई गेली.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी सकाळी हॉर्न वाजला. बाहेर भाई, इस्त्रीच्या शर्टात, डावी सीट पुसत होते.

"भाई, आता कुठे जायचं?"

"कुठे पण." त्यांनी वर पाहिलं नाही. "गाडी दोन माणसांवर बसवलीय, बेन. एकटा बसलो की उजवीकडे झुकते."

मी चपला घातल्या.