गाडी भरेपर्यंत

ज्या दिवशी बंजारा तांड्यात लसीकरण, त्याच दिवशी दारव्ह्याचा बाजार. हा मेळ कोणी घातला ते सरकारलाच ठाऊक. मोनाली सिस्टर लशीचा निळा डबा घेऊन अंगणवाडीत बसली होती, आणि समोर फक्त भिंतीवरचा वजनाचा तक्ता होता.

"सत्यभामाताई, तीन महिने झाले, एक पोरगं नाही आलं. शेजारच्या गावात गोवर निघाला, अन् आपली सात पोरं अजून कोरीच. आज डॉक्टरसाहेब पाहाले येऊन राह्यले!"

आशाताई सत्यभामा नुकतीच सात घरं फिरून आली होती. सातही घरांना कुलपं. मग फाट्यावरही डोकावून आली होती.

"डबा उचला, सिस्टर. सातही घरच्या बाया पोरं घेऊन देवीलालच्या जीपमध्ये बसल्या आहेत."

"मंग गेल्या असतीन आतापर्यंत!"

"देवीलालची जीप? चौदा सिटा भरल्याशिवाय हालत नाही ते. तासभर झाला, बाराच माणसं झाली."

फाट्यावर जीप उभी होती. सिस्टर डबा घेऊन आत चढली, तसा देवीलाल ओरडला, "तेरा! आता एकच! दारव्हा, दारव्हा, दारव्हा!"

चौदावा चढला की गाडी सुटली. सत्यभामा मागच्या दारात पाय रोवून उभी राहिली.

आत लालीबाई नातवाला पदराखाली झाकून बसली होती. "मी खाली उतरणार नाही. जागा जाते. अन् पोराले ताप येते."

"उतरू नका ना आजी," सिस्टर म्हणाली. "ताप एखाद दिवस येते, त्याचं औषध देतो. गोवर आला तं काय कराल?"

"नाही तरी बसूनच आहोत," खिडकीजवळची प्रियंका म्हणाली. "माया पोरीले टोचा."

पोरगी रडली आणि दोन मिनिटांत झोपली. मग दुसरी आई सरकली, तिसरी सरकली. चौथीच्या पोराचा दंड पुढे येताच लालीबाई उसळली, "काहून वो! मी सगळ्यायच्या आधी बसली जीपमध्ये! नंबर माया नातवाचा!"

तेवढ्यात काखेत कोंबडा घेऊन खेमसिंग धावत आला. सत्यभामाने हात आडवा केला.

"मामा, तुमच्या घराचं दार उघडं दिसलं मले."

खेमसिंग माघारी पळाला. दहा मिनिटांनी धापा टाकत परत. "दार तं लावेल हाय!"

"मंग गोठ्याचं असन."

कोंबड्याने सत्यभामाकडे पाहिलं. खेमसिंग पुन्हा पळाला.

"ताई, तू माया धंदा बुडवून राह्यली," देवीलाल कुरकुरला.

"तुयाच तांड्यातली पोरं आहेत ना रे? पाच मिनिटं दम धर."

सातवं पोर टोचून झालं आणि सत्यभामा कपाळ पुसायला बाजूला झाली. नेमके तेव्हाच डॉक्टरसाहेब आले. रिकामी अंगणवाडी पाहून ते आधीच तापले होते. "सिस्टर! हे काय चाललंय?" म्हणत त्यांनी एक पाय आत टाकला.

"उभे कायले राह्यता भाऊ, बसा," लालीबाईने त्यांचा हात धरून ओढलं.

देवीलालने आरशात मुंडकी मोजली. चौदा! धाडकन दार लागलं, जीप सुटली.

"अहो, मी डॉक्टर आहे! मला उतरवा!"

"कलेक्टर असा ना साहेब, सीट भरली."

"सर," सिस्टर हळूच म्हणाली, "लस दिल्यावर अर्धा तास लेकरांवर लक्ष ठेवाच लागते. दारव्हा अर्ध्याच तासावर आहे."

साहेबांनी डबा पाहिला, सात झोपाळू पोरं पाहिली. तोवर लालीबाईने नातू त्यांच्या मांडीवर ठेवला होता.

मागे रस्त्यावर खेमसिंग कोंबडा घेऊन उभा होता. "गोठाही लावेलच हाय वो बाई..."

पुढच्या महिन्याच्या लसीकरणाच्या कागदावर साहेबांच्याच अक्षरात लिहून आलं. ठिकाण: देवीलालची जीप. वेळ: गाडी भरेपर्यंत.

त्या दिवशी सत्यभामा पहाटेच फाट्यावर पोचली. पुढच्या सीटवर कोंबडा मांडीवर घेऊन खेमसिंग आधीच बसलेला होता. घराची आणि गोठ्याची, दोन्ही किल्ल्या त्याने गळ्यात बांधल्या होत्या.