शिरधनकरांचा पहिला कप

यादीत सातवं नाव काशीनाथ मोरे यांचं होतं. ते वाचल्यापासून हरिश्चंद्र शिरधनकरांच्या चहावर साय धरली होती.

"सी विंगमधले ना?" त्यांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या. "काशीमीऱ्याला गॅरेज होतं त्यांचं. ट्रकखाली पाय गेला बिचाऱ्यांचा, गुडघ्याखालचा. नकली बसवलाय."

"तो घालून शर्यतीत उतरतायत," हरिश्चंद्रराव म्हणाले. "पन्नाशीवरच्यांच्या. माझ्या!"

'माझ्या' म्हणायला कारण होतं. बेव्हर्ली पार्कातल्या या सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, की पन्नाशीवरच्या पुरुषांची शर्यत लागते. बिल्डिंगला दोन फेऱ्या, गेटपासून गेटपर्यंत. हरिश्चंद्रराव त्यात सलग सहा वर्षं दुसरे आले होते आणि सहाही वर्षं पहिले आलेले डिमेलो अंकल ऑक्टोबरात मुलीकडे कॅनडाला गेले होते. त्यांना निरोप देताना हरिश्चंद्ररावांनी पेढे वाटले, आणि ते कशाचे होते हे फक्त अनसूयाबाईंना ठाऊक होतं. शोकेसचा मधला कप्पा फ्लॅट घेतल्यापासून कपासाठी राखून ठेवलेला होता. तिथे सध्या डास मारायची रॅकेट चार्ज होत असे. अठ्ठावन्न वर्षांत गृहस्थ शाळेत, ऑफिसात, कशातच कधी पहिले आले नव्हते. मे महिन्यात रिटायर होताना कंपनी घड्याळ देणार होती, पण ते काय, सगळ्यांनाच देतात.

सकाळी सराव करताना त्यांनी मोरेंना पाहिलं. काळा, वाकडा, पात्यासारखा पाय लावून मोरे बागेभोवती पळत होते, आणि त्यांनी हरिश्चंद्ररावांना दोनदा मागे टाकलं. दुसऱ्यांदा तर "गुड मॉर्निंग" म्हणून.

हरिश्चंद्रराव घरी येऊन सोफ्यावर कोसळले. "संपलं. जिंकलो तर म्हणतील, एका पायाच्या माणसाला हरवलं. हरलो तर म्हणतील, एका पायाच्या माणसाकडून हरला. मी पळायचं कशाला?"

"मग नका पळू."

"न पळलो तर म्हणतील घाबरला!"

ते घाबरलेच होते. शेवटी सेक्रेटरीच्या अधिकारात त्यांनी कमिटीपुढे रीतसर हरकत घेतली. "त्या पायाला स्प्रिंग असते. माणूस आपोआप उसळतो. शिवाय दुसऱ्या फेरीला माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे येतात. त्यांना फार तर एकाच पोटरीत येऊ शकतो. हे फेअर आहे का?"

"मग तुम्हीपण एक काढून बघा ना," खजिनदार सुचेता कर्णिक शांतपणे म्हणाल्या.

अध्यक्ष जयंतीभाईंना तर भरूनच आलं. "अरे शिरधनकरभाई, एक पग नथी एने! आणि तुम्ही स्प्रिंगचं काय घेऊन बसलाय? उलट माझं म्हणणं, सगळे स्लो पळू या. मोरेभाई फर्स्ट. मस्त फोटो काढू. सोसायटीचं नाव होईल."

ठराव एकमताने पास झाला. एकमत व्हावं म्हणून हरिश्चंद्ररावांनीही हात वर केला, कारण बाकी सगळे त्यांच्याकडेच बघत होते. वर स्पर्धकांना घरोघर जाऊन 'हळू पळा' हे सांगायची जबाबदारीही सेक्रेटरीवरच आली. पाचही जणांनी आनंदाने होकार दिला. ते एरवीही हळूच पळत.

इथवर सगळं गुपचूप होतं. पण हरिश्चंद्रराव सेक्रेटरी म्हणून अतिशय काटेकोर. मीटिंगचा वृत्तांत दोन दिवसांत नोटीस बोर्डावर लागलाच पाहिजे, हा नियम त्यांनीच केलेला. त्याप्रमाणे त्यांनी स्वतःच्या हरकतीसकट ठराव क्रमांक तीन, 'श्री. मोरे यांना नकळत पहिले आणणे', स्वच्छ टाइप करून, शिक्का मारून, लिफ्टशेजारी चार टाचण्यांनी लावला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मोरे उभे होते आणि त्यांच्या हातात तो कागद होता.

"हरकत घेणारे तुम्हीच ना?"

"हो," हरिश्चंद्रराव दाराआडून म्हणाले.

"थँक यू."

"आं?"

मोरे आत येऊन बसले. "तीन वर्षं झाली पाय जाऊन. तेव्हापासून सगळे मला पुढे जाऊ देतायत. रिक्षाच्या लाइनीत, लिफ्टमध्ये, जेवणाच्या पंगतीत. नको नको झालंय. मला घाबरलेले तुम्ही पहिलेच. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"पण ती स्प्रिंग..."

"सरळ रस्त्याला फायदा होत असेलही. वळणावर मात्र पाय धरत नाही, सुरुवातीला वेग घ्यायलाही वेळ लागतो. बेरीज-वजाबाकी काय होते ते मलाच माहीत नाही. खरं पळणारा कुणी शेजारी असल्याशिवाय कळणार कसं? बाकीचे काय करायचं ते करू देत. तुम्ही खरं पळा. शब्द द्या."

हरिश्चंद्ररावांनी शब्द दिला. त्या मिनिटापुरते ते कपही विसरले होते.

सव्वीस तारखेला शिट्टी झाली आणि दोघंच पळाले. बाकीचे पाच जण मागून गप्पा मारत येत होते, त्यातला एक तर फोनवर होता. वळण आलं की हरिश्चंद्रराव पुढे, सरळ रस्ता आला की मोरे पुढे. पहिली फेरी अशीच गेली. दुसऱ्या फेरीला पाण्याच्या टाकीपाशी हरिश्चंद्ररावांच्या डाव्या पोटरीत गोळा आला, जनरेटरपाशी उजव्या. तरी ते जीव खाऊन पळत राहिले. आयुष्यात कशासाठीच ते एवढे पळाले नव्हते. गेट दहा पावलांवर असताना तो काळा पाय टक्‌ टक्‌ करत शेजारून आला आणि हातभर पुढे निघून गेला.

हरिश्चंद्रराव वॉचमनच्या खुर्चीपाशी आडवे झाले. हरले होते, सातव्यांदा दुसरे आले होते, आणि डोळ्यांतून खरं पाणी येत होतं. पण कसं कोण जाणे, छातीत हलकं वाटत होतं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या मोरेंसाठी नव्हत्या.

"वाह शिरधनकरभाई!" जयंतीभाईंनी त्यांना मिठी मारली. "आम्ही तर नुसते चाललो. तुम्ही पळून हरलात! कुणाला डाउट पण नाय आला!"

"अहो, मी खरंच हरलो."

"हाच तर तुमचा मोठेपणा!"

सुचेताबाईंनी डोळे पुसले. लिंबू-चमच्याचा एक कप उरला होता, तो 'खिलाडूवृत्तीसाठी' म्हणून हरिश्चंद्ररावांना द्यायचं तिथल्या तिथे ठरलं. माइकवर जाहीर झालं, "आपल्या सेक्रेटरींनी मन मोठं करून मोरेसाहेबांना पुढे जाऊ दिलं!" शेजारी आपला कप हातात घेऊन मोरे उभे होते. त्यांचा चेहरा उतरलेला हरिश्चंद्ररावांनी पाहिला.

त्यांनी माइक हिसकावला. "मी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही! मी जिंकायलाच पळालो होतो!"

टाळ्या दुप्पट झाल्या. एका आजोबांनी तर शिट्टी वाजवली.

"मोरे, आईशप्पथ," हरिश्चंद्रराव लंगडत त्यांच्याकडे गेले. "दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेत. हात लावून बघा."

मोरेंनी हात लावला नाही. "शब्द दिला होतात तुम्ही," एवढंच म्हणाले आणि आपला कप वॉचमनच्या टेबलावर ठेवून लिफ्टकडे गेले.

घरी अनसूयाबाईंनी रॅकेट काढून मधल्या कप्प्यात कप ठेवला. त्यावर चमचा धरलेली बाई कोरलेली होती.

"तुला तरी पटतंय ना, मी खरं पळालो ते?"

"पटतंय हो. पण लोक एवढं चांगलं म्हणतायत तर कशाला नाही म्हणायचं?"

हरिश्चंद्ररावांनी बायकोकडे बघितलं. तिलाही पटलं नव्हतं. दुपारपर्यंत ते पोटऱ्यांना तेल चोळत बसले.

दुपारी बेल वाजली. मोरे होते. त्यांनी पुढच्या वर्षीचा प्रवेश अर्ज आणला होता, भरून, सही करून. हरिश्चंद्ररावांना आशा वाटली. त्यांनी भिंतीला धरत धरत जाऊन शिक्का आणला आणि अर्जावर मारला.

मोरेंनी पोच घेतली, शोकेसमधल्या कपाकडे एकदा पाहिलं आणि दारातून वळून हात जोडले.

"शिरधनकर, पुढच्या वर्षी तरी खरं पळा."