शोकेसमधले तीन समुद्र

माणसाच्या आयुष्यात समुद्राचं स्थान फार मोठं असतं. आण्णांच्या आयुष्यात ते शोकेसच्या दुसऱ्या कप्प्यात, टीव्हीच्या डाव्या हाताला आहे.

आण्णा राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. जन्मभर गुळाचं दुकान चालवून आता घरी बसलेत. त्यांच्याकडे कोणीही गेलं, अगदी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असला, तरी आधी त्याच्या हातात नारळाएवढा शंख येतो. “पावणं, लावा कानाला.” कन्याकुमारीला तीन समुद्र मिळतात, तेव्हा तिथल्या शंखात तिन्ही असलेच पाहिजेत, हे आण्णांचं गणित. बंगालचा उपसागर लगेच येतो, अरबी समुद्र पाठोपाठ; हिंदी महासागर मात्र जरा दमानं येतो. तो आल्याचं पाहुण्यानं कबूल केल्याशिवाय आतून चहा येत नाही. त्यामुळे सरावलेल्या माणसांना तिन्ही समुद्र पाव मिनिटात ऐकू येतात.

मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. नवा राहायला आलो तेव्हा आण्णांना समजावलं, की शंखात समुद्र नसतो, आजूबाजूचाच आवाज आत घुमतो. आपण ऐकतो त्या रस्त्यावरच्या रिक्षा. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग रिक्षा ऐकायला आमी कन्याकुमारीला गेलतो काय, सर?”

त्या दिवशी चहा मिळाला नाही.

कॉलेज संपल्यावर आण्णा आणि त्यांचे तीन दोस्त कन्याकुमारीला गेले होते. फोटो आहे. चौघांच्या पँटी खाली इतक्या रुंद, की पाय एकाचेही दिसत नाहीत. शंख चौघांनी मिळून घेतला आणि तो कुणाकडे राहायचा यावरून परतीच्या रेल्वेत मिरजेपर्यंत भांडण झालं. शेवटी ठरलं, एकेक वर्ष एकेकाकडे. दसऱ्याला सोनं द्यायचं आणि शंखही द्यायचा.

पुढे एकजण आजऱ्याला काजूच्या धंद्यात गेला, एक मलकापूरला वकील झाला, एक इथंच शाहूपुरीत राहिला. शंख एसटीनं फिरत राहिला, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर. घेणाऱ्यानं आधी कानाला लावून माल पुरा असल्याची खात्री करायची, ही रीत. एका वर्षी वकिलांनी हौसेनं तो कपड्याच्या साबणानं धुऊन दिला. आण्णांच्या मते तेव्हापासून हिंदी महासागर पातळ झाला. वकिलांशी ते शिमग्यापर्यंत बोलले नाहीत.

गेल्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो. शंख जागेवरच होता. सहज विचारलं, आता कुणाची पाळी?

“माझीच,” आण्णा म्हणाले. “सा वर्सं माझीच हाय.”

बाकीचे तिघं एकेक करून वारले होते; वर्षं मोजायची तेवढी आण्णांनी चालू ठेवली होती. त्यांनी शंख माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की ह्यांना त्यातलं काही ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. मोठ्यानं बोललं तर कळतं, पण हे नाही. म्हणून तर येईल त्याच्या कानाला लावतात.

काकू बोलल्या ते आण्णांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, “हाय न्हवं अजून?”

मी शंख कानाला लावला. रस्त्यावरून रिक्षा चालल्या होत्या.

“हायत,” मी मोठ्यानं म्हणालो. “तिन्ही हायत.”

“महासागर?”

“त्यो बी. चांगला दाट हाय.”

जन्मभर शिकवलेलं मी एका वाक्यात पुसलं. वाईट वाटलं नाही.

दिवाळीत आण्णांच्या मुलानं पुण्याहून कानाचं मशीन आणलं. मुलाची अपेक्षा, आण्णा आधी नातीचं बोलणं ऐकतील. आण्णांनी ते कानात बसवून घेतलं, उठले, शंख काढला आणि मशीनवर घट्ट दाबून धरला. बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी डोळे मिटले.

“बोट आली,” ते हळूच म्हणाले. “भोंगा वाजतुया.”

भोंगा आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होता. मशीनवर काही दाबून धरलं की ते शिट्टी मारतं, असं सोबतच्या कागदावर पहिल्याच पानावर छापलेलं आहे.