भांड्यात डोकावणारी इंदू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाणी तापवायचा रॉड खरवडणं. मी रॉड धरला होता आणि माझी बायको इंदू विळ्याच्या पाठीनं त्यावर ठोकून राहिली होती. पांढऱ्या खपल्या पडत होत्या. मला रॉड सरळ धरता येत नाही म्हणून तिनं शिव्या दिल्या. मग एक चांगली जाड खपली उचलली, उन्हात धरली आणि म्हणाली, "पाहा अजी, हे आपल्या गल्लीचं पानी. याले पानी म्हनते लोक!"

मी आंघोळीला गेलो. संध्याकाळी तिच्या छातीत दुखलं. नागपूरला नेत होतो, रस्त्यातच गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात जन्म गेला. मला गोडगोड लिहिता येत नाही. पण इंदू कशी होती हे सांगितलं पाहिजे. तिच्यासारखी बाई पांढुर्ण्यात दुसरी नव्हती, आणि एक होती तेवढीच गल्लीला पुष्कळ झाली होती.

तिचं माहेर बोरगावचं. तिथल्या पाण्याला साबण नुसता दाखवला तरी फेस येतो, असं ती सांगायची. लग्नात मी तिथं आंघोळ केली होती, मला तर काही वेगळं दिसलं नाही. पण नवीन जावई काय बोलणार? आमच्या गल्लीत मात्र नळाला बोरचं पाणी. खारं. डाळ शिजता शिजत नाही, चहावर पांढरा तवंग येतो, केसांचा काथ्या होतो. इंदू आली त्या दिवशीच तिनं एक घोट घेतला आणि माझ्या आईला विचारलं, "मामी, यात कोनी चुना टाकला का?" त्या दिवसापासून सासू-सुनेचं जे लागलं ते आई जाईपर्यंत.

कोणाच्याही घरी गेली की इंदू आधी सैपाकघरात घुसायची. चहाचं भांडं उचलायचं, खिडकीकडे धरायचं आणि आत डोकावायचं. घरवाली लाजून म्हणायची, "काकू, घासलेलं हाय ते." इंदूचं ठरलेलं उत्तर, "आतून पाहा बाई, आतून. बाहेरून तर सगळेच घासते." आत पांढरा थर दिसला की त्या घरातल्या सगळ्या दुखण्यांचा निकाल लागला. गुडघे दुखतात? पाणी. पोरगा नापास? पाणी. शेजारचे नवरा-बायको भांडले तर समजवायला सगळा मोहल्ला गेला, आणि ही म्हणते, "जड पानी पेते दोघं. डोकं जडच राहीन नं." दोघं भांडण विसरून हिच्याकडे पाहत राहिले.

रॉडच्या खपल्या ती फेकत नव्हती. एका डब्यात ठेवायची. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आमच्या दारात आला. इंदूनं त्याला बसवलं आणि स्टीलच्या ताटलीत चार खपल्या समोर ठेवल्या. म्हणाली, "घ्या, आमच्या गल्लीची मिठाई." त्या बिचाऱ्याला वाटलं, आम्ही जामसांवलीच्या हनुमानाला जाऊन आलो, प्रसाद आहे. त्यानं खपली कपाळाला लावली, बजरंगबलीचं नाव घेतलं आणि टाकली तोंडात. कडकड वाजलं. सोबतचे पोट्टे हसून राहिले, हा थुंकूही शकत नाही, देवाचं नाव घेऊन बसला होता. इंदू शांतपणे म्हणाली, "पाच वर्स मी हेच खाऊन राहिली. तुमी एक खाल्ली तर काय झालं?"

तो निवडून आला. पाणी तेच राहिलं. पण तो पुन्हा आमच्या घरी काही खात नव्हता.

पोरीचं, मंगलाचं, स्थळ सौंसरचं आलं तेव्हा मी मुलाची शेती विचारली, नोकरी विचारली. इंदूनं काहीच विचारलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली. बाहेर आम्ही पोहे खात बसलो आणि आतून कुकरची शिट्टी आली. मला कळेना, पोह्यांवर कुकर कशाला? इंदूनं मुलाच्या आईकडून मूठभर तुरीची डाळ मागून घेतली होती आणि शिजायला टाकली होती. पाव्हण्यांच्या घरी! दुसरी शिट्टी झाल्यावर बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सोयरीक पक्की." मुलाला तिनं एक प्रश्न विचारला नव्हता. पुढं गल्लीतल्या बाया विचारायच्या, जावई काय करते? ही सांगायची, "त्याच्या घरी दोन शिट्टीत डाळ शिजते."

त्याच जावयानं आम्हाला पाणी साफ करायची मशीन आणून दिली. काही महिन्यांत ती घरघर करून बंद पडली. दुरुस्तीवाल्यानं उघडली तर आत सगळा चुना बसलेला. इंदूला इतका आनंद मी मंगलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. शेजारणींना बोलावून दाखवत होती, "पाहा वो, मशीनले बी मुतखडा झाला!"

मुतखडा आमच्या घरचा जुना शब्द. मंगला लहान असताना मला झाला होता. मी जमिनीवर लोळलो तेव्हा इंदू डोक्याशी बसून होती. डॉक्टर म्हणाला, पाणी भरपूर प्या. बाहेर आल्यावर इंदू म्हणाली, "कोनतं पानी, ते नाही सांगितलं मेल्यानं." घरी येऊन तिनं रॉड माझ्यासमोर धरला. "लोखंडावर हे बसते, तर तुमच्या पोटात बसत नसन का?"

दुसऱ्या दिवशीपासून गावाबाहेर श्यामरावच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीचं पाणी सुरू झालं. सायकलला दोन कॅन लटकवून मी पुढं, मागून ती धरून. वय झालं तरी आम्ही जात होतो. मी कटकट करायचो, "बोरगावची राणी, तुह्या जिभेपायी माह्या कंबरेचा भुगा झाला." ती म्हणायची, "चाला अजी, बोलता कमी अन् ढकला जास्त." अलीकडे बगीच्यालाच पाणी पुरेना, म्हणून श्यामराव एकच कॅन भरू देत होता. मला बरंच वाटलं. ओझं अर्धं झालं.

तेरवी झाली. पाव्हणे गेले. मंगला म्हणाली, "बाबा, घर बंद करा. आता सौंसरलेच राहा." मी हो म्हटलं. एकटा इथं काय करणार? सकाळी जावयाची गाडी येणार होती. संध्याकाळी मंगला भांडी आवरून पेटीत भरून राहिली होती. तिच्या हातात इंदूचा पाणी प्यायचा गडवा होता. माहेरहून आणलेला, पितळेचा, तोंड इतकं अरुंद की हात आत जात नाही. बाहेरून सोन्यासारखा चमकत होता.

"बाबा, आतून किती खराब झाला हा. निंबू टाकून ठेवते रातभर."

मी तिच्या हातातून घेतला. खिडकीकडे धरला आणि आत डोकावलो, जसं इंदू पाहायची. रॉडवर बसतो तसा पांढरा थर. बोट घातलं तर खरखरीत. मग माझा पाण्याचा गिलास पाहिला. आतून बाहेरून स्वच्छ.

"हे कसं काय?" मी म्हटलं. "पानी तर एकाच माठातलं पेत होतो."

मंगला खाली पाहत म्हणाली, "आई नळाचंच पेत होती बाबा. एकच कॅन येऊ लागली तवापासून. डाळीले लागते, तुमाले लागते, त्यात तिसरं भागत नाही म्हने. म्या लय सांगितलं. मले म्हने, तुह्या बापाले सांगशीन तर पाय मोडीन."

मी खाली बसलो. सगळ्या गावाची भांडी आतून पाहणारी बाई, रोज माझ्यासमोर बसून या गडव्यानं पाणी प्यायची. तोंड वाकडं करायची नाही.

"निंबू नको टाकू," मी म्हटलं. "तसाच राहू दे."

सकाळी उजाडताच मी सायकल काढली. मागून धरायला कोणी नव्हतं म्हणून हळू हळू गेलो. श्यामराव मोटरीजवळ उभा होता. मला पाहून त्यानं डोक्याची टोपी काढली.

"भाऊ, आता एकट्याले एक कॅनबी जास्त होते."

"दोन भर," मी म्हटलं.

त्यानं मोटर सुरू केली. दोन भरल्या. चढावर मला दोनदा थांबावं लागलं.

घरी आलो तर दारात जावयाची गाडी उभी होती, मंगला सामान चढवून राहिली होती. "कुठं गेलते बाबा तुमी? आमी सारीकडे शोधून राहिलो!"

मी कॅन आत नेल्या. पेटी उघडून गडवा काढला, धुतला आणि विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरून माठाशेजारी तिच्या जागेवर ठेवला. मग बाहेर येऊन म्हटलं, "माही पिशवी उतरव."

मंगला रडायला लागली. तिला रडू दिलं, आणि मी डाळ धुवायला घेतली.