रक्ताचा कौल

विमलाची बोटं गार पाण्यात आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होतात, ही बाब भाईंच्या निदर्शनास आणून देण्यात आली तेव्हा ते पेज जेवत होते. भाई म्हणजे विमलाचे थोरले दीर. तिचा नवरा गुरुदास बोटीवर नोकरीला, त्यामुळे आचऱ्याच्या त्या घरातलं आजारपणही भाईंच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नसे.

"मासळी बर्फात घालतंस, तर बोटां निळी नाय तर काय केशरी होतली?" असं म्हणून भाईंनी प्रकरण निकाली काढलं.

पुढे बोटांवरची कातडी ताणत गेली. मूठ मिटेना, नारळ खवताना अर्धं भकल हातातून निसटू लागलं. सोलकढीवाचून दोन घास गिळावे लागल्यावर भाईंनी प्रकरण तातडीने पुन्हा उघडलं.

कुडाळच्या डॉक्टर अक्षयांनी विमलाची बोटं दाबून पाहिली, नखांच्या कडा भिंगातून पाहिल्या. "स्क्लेरोडर्मा वाटतोय. शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते, कातडी घट्ट होत जाते. रक्ताची एएनए चाचणी करू, पण ती नुसती साक्षीदार. खरा पुरावा या बोटांत आहे."

चाचणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी आणखी दोन नेमक्या चाचण्या आणि फुप्फुसांची तपासणी लिहून दिली, औषध लवकर सुरू करायला हवं असंही बजावलं. भाईंचा आक्षेप रोगाला नव्हता, कार्यपद्धतीला होता. भाई देवळात कौल लावणारे. देवाच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर गाऱ्हाणं जरा फिरवून पुन्हा विचारायचं, ही तिथली रीत.

"पयल्याच डाव्या कौलाक मान तुकवणारो माणूस तू खंय बघितलंस?" भाईंनी विमलाला विचारलं आणि तिला मालवणातल्या दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथे चाचणीची पद्धत वेगळी होती. रक्त मशिनीत जाताच भाईंनी हात जोडले.

"बा मशिनी म्हाराजा, लेकराकडसून काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल आणि उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" मागे उभे असलेले नातेवाईक सवयीने म्हणाले. लॅबवाला सुशांतही म्हणाला, कारण तोही मूळचा आचऱ्याचाच.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. भाईंनी पेढे वाटले आणि अक्षयांना फोन करून शुद्ध मराठीत निकाल कळवला.

"पद्धत बदलली की निकाल बदलू शकतो. बोटं बदलली का?" अक्षयांनी विचारलं.

"बोटांचा रिपोर्ट आहे का आपल्याकडे? छापील?"

अक्षयांकडे तो नव्हता. विमलाच्या पुढच्या चाचण्या रद्द झाल्या.

त्या लॅबमध्ये एका चाचणीवर नातेवाइकाची चाचणी फुकट होती. फुकटचं सोडणं भाईंच्या तत्त्वात बसत नसल्याने त्यांनीही रक्त दिलं होतं. आता तोही रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. भाई अजून माडावर चढतात. अक्षयांनी त्यांना तपासून सांगितलं, "निरोगी माणसातही कधी कधी अशी येते. तुम्हाला काही झालेलं नाही." भाईंना हा अपमान वाटला. पुन्हा कौल लावण्याचा मार्गही बंद होता. याच मशिनीने विमलाला उजवा कौल दिलेला. मशिनीवर अविश्वास दाखवावा तर विमलाचा कौलही रद्द होणार. कुटुंबाच्या हितासाठी भाईंनी अंथरूण धरलं.

आता छापील पुराव्यानुसार निरोगी असलेली विमला आजारी भाईंची सेवा करते. पाणी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागते. बोटं वळत नाहीत म्हणून ती कप दोन्ही तळव्यांत धरते. परवा शेजारच्या सीतावयनी भाईंना बघायला आल्या. भाईंचा रिपोर्ट त्यांनी उलटसुलट वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात विमलाच्या हातातून चहाचा कप निसटला.

"विमला, लक्ष खंय तुझा? घरात आजारी माणूस आसा!" वयनी म्हणाल्या.

"वयनी, जरा माझी बोटां बघ गो," विमला हात पुढे करून म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की ऐकताना वाईट वाटावं.

सीतावयनींनी तत्परतेने चष्मा लावला. "तुझो रिपोर्ट हाड, बघूया."

विमलाने तो दिला. वयनींनी वाचला, समाधानाने घडी घातली आणि म्हणाल्या, "काय एक झाला नाय तुका."

ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे हळहळले आणि मग प्रत्येकाने एकच विचारलं, की एका चाचणीवर दुसरी फुकट देणारी ती लॅब नेमकी कुठे आहे? तुम्हीही विचारणारच होता. मालवणात, बाजारपेठेत. जाताना वाटेत आचरा गाव लागलं, तर विमलाची बोटं बघून जा. त्यांना रिपोर्ट नाही, एवढं चालवून घ्या.