मध्यम बांध्याचं अस्वल

कॅम्पिंगला जायचं ठरलं तेव्हा मी एक छोटासा निर्णय जास्तीचा घेतला. बायकोला म्हणालो, "उद्या दिवसभर तू खुर्चीतून उठायचं नाहीस. तंबू, चहा, जेवण, भांडी, सगळं मी करणार."

तिने हातातली इस्त्री उभी ठेवली. "का हो? डॉक्टर काही बोलले का?"

"छे! कामाला पद्धत असली की त्रास होत नाही, एवढंच तुला दाखवायचंय." (पद्धतीवर मी घरात वरचेवर बोलतो. डब्यांचा क्रम, चमच्यांची दिशा वगैरे. जेवण झाल्यावर बोलतो, आधी नाही.)

"आणि मला उठावं लागलं तर?"

"तर तुझ्या स्वयंपाकघराबद्दल यापुढे अवाक्षर काढणार नाही."

"बघा हं," ती म्हणाली, आणि गुणगुणत पुढचा शर्ट घेतला. खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

राष्ट्रीय उद्यानातली ती कॅम्पची जागा मोठी छान होती. पानगळ सुरू झालेली, ऊन कोवळं, पायाखाली पिवळ्या पानांचा कुरकुरीत थर. मी बायकोला खुर्चीत बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि तंबू उभा केला. (तो जरा डावीकडे कलला. पण मागचं झाडही तिकडेच कललं होतं, त्यामुळे फारसं खटकत नव्हतं.)

प्रत्येक तंबूपाशी एक भक्कम लोखंडी पेटी होती. वनरक्षकाने येतानाच बजावलं होतं, "खायचं काहीही बाहेर ठेवू नका. वास आला की अस्वल येतं. ही पेटी मात्र त्याला उघडता येत नाही."

अशी पेटी मला आयुष्यात पहिल्यांदाच लावायला मिळत होती! खाली शेगडी, वर ब्रेड, कोपऱ्यात फळं, चहाचा थर्मास उभा, बिस्किटांचा डबा आडवा, काडेपेटी हाताशी. वाकताना चष्मा घसरत होता, म्हणून तोही काढून नीट कडेला ठेवला. झाकण लावलं. 'खट्ट' असा फार समाधानकारक आवाज आला.

मग चहाची वेळ झाली आणि झाकण उघडेना.

ओढलं, ढकललं, उचललं, थोपटलं. झाकणावर बारीक अक्षरांत सूचना कोरल्या होत्या. त्या वाचायला चष्मा लागत होता. चष्मा पेटीत होता.

"मी वाचून दाखवू?" खुर्चीतून आवाज आला.

"वाचणं हेही कामच आहे. बस तू."

"भूक लागलीय हो."

"पद्धतीला वेळ लागतो."

शेजारच्या तंबूत एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते. माझी धडपड बघून ते आपण होऊन आले. बाह्या सरसावून झाकणासमोर वाकले आणि सवयीने म्हणाले, "हं, आ करा." झाकणाने केला नाही. मग त्यांनी सूचना वाचली. "'आत हात घालून...' पुढचं गंजलंय."

झाकणाखाली खरोखरच एक काळोखी खोबण होती. आम्ही दोघांनी आलटून पालटून तिच्यात डोकावून पाहिलं. आत काय असेल? कळ असेल? की कोळी? मला फार कुतूहल वाटलं.

"घाला हात," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा तर धंदाच तो."

"म्हणूनच सांगतो. आयुष्यभर लोकांकडून बोटं चावून घेतलीत मी. आता नाही."

शेवटी मी डॉक्टरांना सोबत घेऊन वनरक्षकाला बोलवायला निघालो. "उठू नकोस!" बायकोला जाता जाता बजावलं.

त्याला घेऊन परत आलो, तर पेटी सताड उघडी! बायको खुर्चीत, पुस्तकात डोकं घालून.

"अस्वल!" मी ओरडलो. डॉक्टर मोटारीत शिरले आणि त्यांनी काचा वर केल्या. वनरक्षक मात्र वाकून पेटी बघू लागला.

"अगं, तू पाहिलंस?"

"पाहिलं ना."

"केवढं होतं?"

"मध्यम बांध्याचं."

"रंग?"

तिने स्वेटरची बाही जरा खाली ओढली. "तपकिरी."

"बापरे! गुरगुरलं का?"

"सकाळपासून जरा गुरगुरत होतं. पण चहा पिऊन शांत झालं."

"गेलं कुठे?"

"इथेच असेल आसपास."

मी झाडांमागे बघू लागलो. काय विलक्षण प्राणी! एवढं धिप्पाड जनावर, आणि त्याने खोबणीत पंजा घातला कसा?

"साहेब," वनरक्षक म्हणाला, "थर्मासचं बूच परत घट्ट लावलंय. नासपतीची साल एका लांब पट्टीत काढून कागदावर ठेवलीय. आणि तुमचा चष्मा पुसलाय."

"पुसलाय?"

"स्वच्छ. फार नीटनेटकं अस्वल आहे."

मी चष्मा लावला. तेव्हा मला बायको स्पष्ट दिसली. तिच्या स्वेटरवर बिस्किटाचा चुरा होता.

"कशी उघडलीस?" मी हळूच विचारलं.

"आत बोटं घालून खिट्टी वर ढकलायची. आपल्या ओट्याखालच्या कपाटाची अशीच तर आहे."

"आपल्या कपाटाला खिट्टी आहे?"

वनरक्षकाने टोपी काढून डोकं खाजवलं. दातांच्या डॉक्टरांनी काच थोडी खाली करून विचारलं, "गेलं का?"

"नाही," बायको म्हणाली, "आता जेवण करतंय," आणि उठून शेगडी बाहेर काढू लागली.

पैज मी पाळली. त्या दिवसापासून डबे, चमचे, क्रम, दिशा, कशाबद्दलही चकार शब्द काढलेला नाही. फक्त कधी एकटाच चहा करायला गेलो आणि ओट्याखालचं ते कपाट उघडेना, की मी थोडा वेळ झटापट करतो, मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून मध्यम बांध्याच्या अस्वलाला हाक मारतो.

ते येतं, आणि म्हणतं, "सरका."