इमारत सुनावणीला गेली तो मंगळवार

भोगवटा दाखल्याच्या सुनावणीला इमारतीने जातीने हजर राहायचे असते, म्हणून गिरिजा हत्तुरे यांनी बांधलेली इमारत मंगळवारी सकाळी नऊ वाजता जागेवरून उठली आणि नगरपालिकेकडे चालू लागली.

नियम तसा जुनाच. पण अकरा-अकरा मजल्यांच्या इमारतींना त्यांचे मालक प्रकृतीच्या कारणावरून सूट मिळवून देतात, त्यामुळे रस्त्याने चाललेली इमारत आजकाल फारशी दिसत नाही. गिरिजाबाईंच्या इमारतीला ही सूट मिळणे शक्यच नव्हते. एकमजली, मातीच्या दाबीव विटांची, वर कौले. मधोमध अंगण, अंगणात करंजाचे झाड आणि भोवती अठरा घरे. अंगाने हलकी, तब्येतीने ठणठणीत. तिला आजारपणाचा दाखला कोण देणार?

वास्तुरचनाकाराने सोबत जायचे नाही, असेही नियमात आहे. गिरिजाबाई नाक्यापर्यंत पोचवायला गेल्या. "विचारतील तेवढंच दाखव, आणि वाटेत कुणाच्या तारांना लागू नकोस," एवढे त्यांनी बजावले. इमारत वळणावर दिसेनाशी होईस्तोवर त्या बघत राहिल्या. एकही कौल हलले नव्हते. पंचवीस वर्षांत त्यांनी बंगले बांधले, बँका बांधल्या, पण ऊर असा भरून कधी आला नव्हता.

परत येतात तो पालिकेचा शिपाई कागद घेऊन उभा. जागेची पाहणी आजच, अकरा वाजता. जागा रिकामी आढळल्यास प्रकरण कायमचे बंद होईल आणि भूखंड व्यापारी संकुलाला दिला जाईल.

अठरा कुटुंबे बोचकी बांधून तिथेच थांबली होती. सगळे विडी कामगार, सगळे पत्र्याच्या शेडांतून आलेले. त्या शेडांत एप्रिलपासून माणूस भाजून निघतो.

"आवो म्याडम," नरसय्या गुर्रम म्हणाले. वस्तीत वयाने तेच मोठे. "इमारत तिकडं बोलवायची आन् इकडं नाही म्हणून केस बंद करायची?"

"दोन्ही खाती वेगळी आहेत, काका."

"मग बरोबर हाय," नरसय्या म्हणाले आणि विचारात पडले.

तोड काढली ती अंबूबाई येमूल यांनी. "आम्ही हाव की," त्या म्हणाल्या. "आधीबी इमारत नव्हतीच, तरी राहिलोय की आम्ही हितं आठ दिवस."

ते खरे होते. गिरिजाबाईंची कामाची रीतच तशी. नकाशा काढण्याआधी त्यांनी मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या फक्कीने अठरा घरे आखली आणि सगळ्यांना आठ दिवस त्यात राहायला लावले. लोकांनी रेघांच्या आत चुली मांडल्या, झोपले, शेजाऱ्यांशी भांडले. कुणी रेघ ओलांडून आत आले की घरधनीण त्याला फैलावर घ्यायची. पाचव्या दिवशी अंबूबाईंनी मागणी केली होती, "विड्या वळून झाल्या की सूप टांगायला खुंटी पायजे, बसल्या जागी हात पोचंल अशी." गिरिजाबाईंनी त्यांना बसवून, हात वर करायला लावून टेपने माप घेतले. मंजूर नकाशात ती खुंटी आहे.

अकराच्या आत सगळे आपापल्या घरात जाऊन बसले. जमीन सारवलेली होती, करंज जागेवरच होता, बाकीचे सगळ्यांना पाठ होते. अंबूबाईंनी सूप हातात धरून वर केले.

पाहणी निरीक्षक तळभंडारे वेळेवर आले. त्यांनी नकाशा उघडला आणि सरळ चालत निघाले.

"साहेब!" नरसय्या कडाडले. "ती भिंत हाय. दार हिकडून."

"माफ करा," तळभंडारे म्हणाले. त्यांनी दोन पावले मागे घेतली, वळसा घातला, आणि दारात चपला काढून आत आले. अठराही घरे त्यांनी अशीच पाहिली. न्हाणीपाशी खाकरले, खिडकीपाशी थांबून वारा घेतला, अंबूबाईंकडे खुंटीची उंची मोजली. ती बिनचूक भरली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुनावणीतून उपअभियंता क्षीरसागर बोलत होते. अर्जदार इमारत समोर हजर आहे, पण तिच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही; ती नक्की तिथेच राहते का?

गिरिजाबाई दारापर्यंत आल्या.

तळभंडारेंनी नकाशाची घडी घातली. "साहेब, मी आत्ता भिंतीला वळसा घालून आलो," ते म्हणाले. "भिंत नसती तर मी वळसा कशाला घातला असता? लिहा, इमारत जागेवर आहे." मग त्यांनी नरसय्यांच्या घरी चहा घेतला आणि जाताना बजावले, की दाखला हातात पडेपर्यंत कुणीही जागा सोडू नये.

दुपार झाली. ऊन डोक्यावर आले. गिरिजाबाई म्हणाल्या, "अंबूबाई, हात तरी खाली घ्या."

"मग खुंटी कुठं ऱ्हाईल?" अंबूबाईंनी सूप दुसऱ्या हातात घेतले.

गिरिजाबाईंना रडू आले. ते त्यांनी लपवलेही नाही. या माणसांच्या जोरावर आपण वास्तुरचनाकार म्हणवतो, असे त्यांना वाटले आणि त्या जाऊन अंबूबाईंच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत बसल्या.

चारच्या सुमाराला इमारत परत आली. दर्शनी दारावर दाखला चिकटवलेला होता. सातव्या घरात उपअभियंता क्षीरसागर होते. तपासणीला म्हणून आत गेले ते बाहेरच्या उन्हात यायला तयार होईनात, म्हणून इमारतीबरोबर आतल्या आत सावलीने चालत आले होते.

"पंखा कुठे लावलाय?" त्यांनी विचारले.

"लावलेला नाही," गिरिजाबाई मान ताठ ठेवून म्हणाल्या.

"असं होय," म्हणून क्षीरसागर नाइलाजाने बाहेर पडले आणि रिक्षा शोधायला लागले.

"कुणी हलू नका," गिरिजाबाईंनी हाक दिली.

पाण्यातून जाताना बाई निऱ्या उचलते तशा इमारतीने भिंती उचलल्या. करंजाची फांदीही न मोडता ती सगळ्यांच्या वरून आली आणि हळूच खाली बसली. कुणाला सरकावे लागले नाही. जो जिथे होता तो आपल्या घरात होता.

आत गारवा पसरला. अंबूबाईंनी सुपावरचा हात काढून घेतला. सूप तिथेच राहिले.